कात्सुरेनचा अमावारी: गद्दार की उगाच बदनाम?

रानजाई

मंडळी, नमस्कार.

ओकिनावाला दहा दिवस राहून आले. नवऱ्याचं ओन्ना गावाजवळ काम होतं. तो सकाळी आठला गायब व्हायचा, मग मी आणि लेक भाड्याची गाडी काढून हिंडायचो. समुद्र झाला, मत्स्यालय झालं, कारल्याची भाजी खाऊन झाली. पण परत आल्यापासून मनात घोळतोय तो कात्सुरेनचा पडका किल्ला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओकिनावा आज जपानात असला तरी १८७९पर्यंत तिथे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १६०९नंतर जपानातल्या सात्सुमाच्या सरदारांच्या टाचेखाली, पण राजा त्यांचा स्वतःचा. तिथल्या किल्ल्यांना 'गुसुकु' म्हणतात. जपानी किल्ला म्हटलं की मजल्यांवर मजले चढवलेलं पांढरं लाकडी काम डोळ्यापुढे येतं, ते इथे विसरा. इथे नुसत्या दगडी भिंती, त्याही सरळ नाहीत, नागमोडी. कात्सुरेनची टेकडी जेमतेम शंभर मीटरची, पण वर पोचलं की दोन्ही बाजूंना समुद्र. दगड प्रवाळाचा चुनखडक. लेकीने भिंतीला हात लावून दाखवलं, एका दगडात चक्क प्रवाळाची जाळी, पुरणाच्या चाळणीसारखी. पावसाची सर येऊन गेली होती आणि पायऱ्या अशा गुळगुळीत की मी दोनदा बसतच खाली आले.

आता मुद्दा. या किल्ल्याचा शेवटचा धनी अमावारी. १४५८ साली त्याने राजाचे कान भरले की समोरच्या नाकागुसुकु किल्ल्यातला गोसामारू बंड करणार आहे. राजाने त्यालाच फौज देऊन पाठवलं. गोसामारूने राजाचं निशाण बघून शस्त्र उचललं नाही, स्वतःचा जीव घेतला. मग अमावारी राजावरच उलटायच्या बेतात होता, पण त्याच्या बायकोला कळलं. ती राजाचीच मुलगी, मोमोतोफुमिआगारी. ती रातोरात माहेरी, म्हणजे राजधानी शुरीला पळाली, राजाची फौज आली आणि अमावारी संपला. झालं, गोसामारू स्वामिनिष्ठ आणि अमावारी गद्दार.

पण कात्सुरेनच्या पायथ्याशी जे संग्रहालय आहे त्याचं नावच 'अमावारी पार्क'! गावातल्या लोकांच्या बोलण्यातही तो चांगला राजा, गोरगरिबांचा वाली. गद्दाराच्या नावाने कुणी पार्क काढतं का?

मला तर वाटतं त्याला नाहक काळं फासलंय. तुम्हाला काय वाटतं?

बोंबील_फ्राय

शीर्षकात 'गद्दार' वाचून राजकारणाचा धागा समजून पॉपकॉर्न घेऊन आलो होतो. निघालं भलतंच. असो, पॉपकॉर्न आणलेच आहेत तर बसतो.

काकडीची_कोशिंबीर

रानजाई, फोटो?

जुनेपुराणे

छान विषय. थोडी भर घालतो.

तेराव्या-चौदाव्या शतकात ओकिनावात गावोगाव गुसुकु उभे राहिले. प्रत्येकाचा एक 'अजी', म्हणजे आपल्याकडच्या पाळेगारासारखा समजा. त्यातून तीन राज्यं झाली: उत्तरेला होकुझान, मध्ये चूझान, दक्षिणेला नानझान. मधल्या राज्याच्या शो हाशीने १४१६मध्ये उत्तरेचा नाकिजिन किल्ला घेतला आणि १४२९मध्ये दक्षिण जिंकून सगळं एक केलं. नाकिजिनच्या मोहिमेत हा गोसामारू होता. त्याचं मूळ ठाणं यामादा. ते मोडून त्याने झाकिमीचा किल्ला बांधला, तेव्हा यामादापासून झाकिमीपर्यंत माणसांची रांग लावून दगड हातोहात पोचवले असं सांगतात. पुढे १४४०च्या सुमारास त्याला नाकागुसुकुला हलवलं. का? नकाशा उघडा. नाकागुसुकु आणि कात्सुरेन एकाच उपसागराच्या दोन अंगांना आहेत. कात्सुरेनवर नजर ठेवायला बसवलेला माणूस तो.

म्हणजे अमावारीला कात्सुरेन मिळालं तेव्हापासून समोरच्या डोंगरावर राजाचा पहारेकरी बसलेला होता.

आणि काळ बघा. १४५३मध्ये गादीवरून शिरो आणि फुरी या दोघांत लढाई झाली, त्यात शुरीचा राजवाडा जळाला. १४५४ला शो ताइक्यू राजा झाला. म्हणजे चारच वर्षांपूर्वी गादीवर आलेला, बेभरवशाच्या जागी बसलेला राजा. त्याला दोन बलाढ्य सरदार शेजारी हवे होते का, हा खरा प्रश्न.

दोनओळी

जुनेपुराणे काका, दंडवत.
वाचनखूण साठवली.

मोरपंखी

मला त्यातली नाती लागेनात म्हणून कागदावर मांडली. चुकले असेन तर सांगा.

राजा शो ताइक्यूची राणी ही गोसामारूची मुलगी. म्हणजे गोसामारू राजाचा सासरा.
राजाची मुलगी मोमोतोफुमिआगारी अमावारीला दिली. म्हणजे अमावारी राजाचा जावई.

तर राजाने जावयाला पाठवून सासऱ्याला संपवलं. मुलीच्या दृष्टीने नवऱ्याने तिच्या आजोबांना मारलं. आणि मग तिने वडिलांना सांगून नवऱ्याला मारवलं. अरे देवा!

बोंबील_फ्राय

आमच्याकडे गणपतीत सासरे आणि जावई एका पंगतीला बसले तरी आईचा जीव टांगणीला लागतो. हे तर भारीच प्रकरण.

मोरपंखी

@बोंबील, हसू नका हो. त्या मुलीचा विचार करा. दोन्हीकडून तिचाच बळी.

घाटवाट

मला गोसामारूचं काही कौतुक वाटत नाही. हातात किल्ला, दाणागोटा, कसलेले लोक. समोर खोटा आळ घेऊन फौज आली. निदान भिंतीवरून ओरडून विचारायचं तरी की बाबांनो, काय चूक झाली! निशाण बघून मान खाली घालायची याला निष्ठा म्हणायचं की हताशपणा?

बाकी नाकागुसुकुच्या बांधकामाबद्दल मात्र बोलायलाच हवं. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, चार तास नुसत्या भिंती बघत होतो. तिथे दगड रचायच्या तीन तऱ्हा एकाच किल्ल्यात दिसतात. एक 'नोझुरा', म्हणजे दगड जसा मिळाला तसा, जेमतेम ठोकून बसवलेला. दुसरी 'नुनो', चौकोनी घडीव दगडांचे आडवे थर. तिसरी 'आइकाता', यात दगड पाच-सहा कोनांचे घडवून एकमेकांत असे अडकवतात की कासवाची पाठ वाटावी. या तिसऱ्या तऱ्हेचं काम गोसामारूच्या वेळचं, तिसरा कोट आणि उत्तरेचा कोट त्याने वाढवला. सांध्यात मी एटीएमचं कार्ड घालून बघितलं, जाईना.

दरवाजाची कमान दगडी, वर लाकडाचा तुकडा नाही. १८५३मध्ये अमेरिकेच्या पेरीचं आरमार जपानला जाताना तिथे थांबलं होतं. त्याच्या लोकांनी हा किल्ला मोजला, चित्रं काढली आणि बांधकामाची वाखाणणी केली. आणि दुसऱ्या महायुद्धात शुरीचा चुराडा झाला तसं नाकागुसुकुचं झालं नाही, म्हणून हे बघायला तरी मिळतं.

कोल्हापुरी_ठेचा

आपले गडकिल्ले सोडून जपानचे किल्ले कशाला? आधी ते बघा म्हणावं.

घाटवाट

@कोल्हापुरी_ठेचा, दोनशेच्या वर किल्ले पायाखालून गेलेत. यादी व्यक्तिगत निरोपात पाठवू?

कोल्हापुरी_ठेचा

बरं बरं. रागावू नका. बघतो पुढे काय म्हणतायत ते.

नाहाकर

मी ओकिनावातच, नाहा शहरात राहतो, बारा वर्षं झाली. धागा आत्ता बघितला. दोन-तीन गोष्टी.

एक, घाटवाट, 'निशाण बघून मान खाली घातली' इतकं सरळ नाही. इथे सांगतात ती गोष्ट अशी की त्या रात्री नाकागुसुकुवर चांदणं बघायची मेजवानी चालू होती. फौज बेसावध गाठूनच आली. लढायला म्हटलं तरी वेळ नव्हता.

दोन, अमावारी जन्माने सरदार नव्हता. यारा गावचा, म्हणजे आजच्या कादेना भागातला. लहानपणी इतका अशक्त की घरच्यांनी डोंगरात सोडून दिला असं सांगतात. तिथे कोळ्याला जाळं विणताना बघून तो मासे धरायची जाळी विणायला शिकला. ती जाळी त्याने कात्सुरेनच्या कोळ्यांना दिली आणि लोक त्याच्या मागे उभे राहिले. त्या वेळचा अजी मोचिझुकी दारूच्या नादी लागलेला. एका रात्री समुद्रावर पलित्यांची रांग दिसली, अमावारीने ओरडा केला की शत्रू आला, अजी गोंधळून तटावर आला आणि अमावारीने त्याला ढकलून दिलं. पलिते धरलेले त्याचेच कोळी होते.

बोंबील_फ्राय

कोळ्याकडून शिकून कोळ्यांना दिली. मराठीतच ही गोष्ट जास्त छान जमते, जपान्यांना सांगा.

रानजाई

वा! ही जाळ्याची गोष्ट आम्हाला एका आजोबांनी अर्धी सांगितली होती, अर्धी कळली नव्हती. नाहाकर, आभार. पण मग तोही धुतल्या तांदळाचा नव्हता म्हणायचा. मालकाला तटावरून ढकललंच ना.

मोडीवाचक

इथे जरा थांबू या. वर सगळेजण 'असं झालं, तसं झालं' लिहितायत. पण हे कुणी लिहून ठेवलं? कधी?

र्‍युक्यूचा पहिला सरकारी इतिहास 'चूझान सेइकान'. तो हानेजी चोशूने १६५०मध्ये लिहिला. घटना १४५८ची. म्हणजे मध्ये १९२ वर्षं. बखरी वाचताना आपण जो नियम लावतो तोच इथे लावा: आधी विचारा की लिहिणाऱ्याच्या आजूबाजूला कोण बसलं होतं.

कोण बसलं होतं? गोसामारूचे वंशज! किल्ला पडला तेव्हा त्याचा धाकटा तान्हा मुलगा दाईने वाचवला असं सांगतात. त्याच्यापासून 'मो' घराणं झालं आणि हे घराणं पुढे शुरी दरबारातलं अगदी वरच्या फळीतलं झालं. अमावारीच्या मागे कोण होतं? कुणी नाही. मग ज्याचे नातू-पणतू दरबारात बसलेत त्याच्या पूर्वजाला नावं ठेवणारा इतिहास कोण लिहील?

याउलट 'ओमोरो सोशी' बघा. ही र्‍युक्यूची जुनी गाणी, १५३१ ते १६२३ या काळात बावीस भागांत गोळा केलेली, दीड हजारांहून जास्त. त्यातली गाणी कात्सुरेनची आणि अमावारीची थोरवी गातात. एकात म्हटलंय की कात्सुरेनला कशाची उपमा द्यावी? यामातोच्या कामाकुराची. यामातो म्हणजे जपान आणि कामाकुरा म्हणजे तिथल्या शोगुनांची जुनी राजधानी. इतकी वरची उपमा. हीच गाणी पुढे धरून इफा फुयू या ओकिनावाच्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं की अमावारीवर अन्याय झालाय.

म्हणजे रानजाईताई, तुमच्या आधी शंभर वर्षं हा धागा निघालेला आहे.

दोनओळी

शेवटच्या ओळीला टाळ्या.

जुनेपुराणे

मोडीवाचक, मुद्दा चांगला. पण एक पुस्ती. गाणी जुनी म्हणून खरी असं नाही. भाट आपल्या धन्याचीच गातो. कात्सुरेनच्या गाण्यात कात्सुरेनचा धनी थोर असणारच. 'चूझान सेइकान'ला जो नियम लावलात तो 'ओमोरो'लाही लावा.

मोडीवाचक

मान्य. पण फरक हा की धनी मेला, किल्ला ओसाड पडला, तरी गाणं शुरीच्या दरबाराने केलेल्या संग्रहातच उरलं. पुसायचं असतं तर तिथे पुसता आलं असतं.

जुनेपुराणे

हं. हे खरं आहे.

रेवदंडा_बंदर

कात्सुरेन श्रीमंत कशावर झालं याबद्दल कुणीच बोलत नाहीये. सगळं बायको-सासऱ्यावर चाललंय!

बंदर! खणताना तिथे चिनी मातीची भांडी सापडली, त्यात युआन काळातली निळ्या नक्षीची पांढरी भांडीसुद्धा. वरच्या कोटातल्या इमारतीला कौलं होती. गुसुकुंमध्ये कौलारू इमारत ही चैन होती. शुरी, उरासोए आणि कात्सुरेन अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणं. ज्याच्याकडे कौलं त्याच्याकडे पैसा, आणि ज्याच्याकडे स्वतःचं बंदर त्याला राजाची गरज किती? भांडण निष्ठेचं नव्हतं, जकातीचं होतं असं माझं मत.

आणि आमच्या गावाचा धागा इथे जुळतो बरं का. पोर्तुगीज तोमे पिरेश १५१२नंतर मलाक्कात, म्हणजे आजच्या मलेशियातल्या बंदरात होता. त्या बंदरात येणाऱ्या लोकांची त्याने यादी दिलीय. त्यात गुजराती आहेत, चौलचे, दाभोळचे, गोव्याचे लोक आहेत आणि त्याच यादीत 'लेकेओ', म्हणजे र्‍युक्यूचे लोक. बंदरात ८४ भाषा बोलल्या जातात म्हणतो. एखाद्या चौलकराने एखाद्या र्‍युक्यूकराशी खुणांनी भाव केला असेल की!

कोल्हापुरी_ठेचा

हे भारी आहे. आता वाचतो नीट.

जुनेपुराणे

रेवदंडा, गोष्ट छान, पण अमावारीला त्यात ओढू नका. मलाक्काला गेलेल्या र्‍युक्यूच्या जहाजांच्या नोंदी १४६३पासूनच्या. तो १४५८लाच गेला. आणि ती जहाजं राजाची होती.

रेवदंडा_बंदर

हो, बरोबर. तेच तर म्हणतो: कात्सुरेन बुडाल्यावर सगळा व्यापार एकाच हातात आला. शो ताइक्यूने १४५८लाच एक मोठी घंटा ओतून घेतली, तिच्यावर कोरलंय की र्‍युक्यू आपल्या जहाजांनी सगळ्या देशांमधला पूल झालाय. ती शुरीच्या वाड्यात टांगली. सासरा गेला, जावई गेला आणि त्याच वर्षी घंटा!

बोंबील_फ्राय

घंटा.

मोरपंखी

बोंबील 🙄

काकडीची_कोशिंबीर

त्या किल्ल्यात रोमन नाणी सापडली तो हाच ना? काही वर्षांपूर्वी बातमी वाचली होती.

नाहाकर

हाच. कात्सुरेन ज्यात येतं त्या उरूमा शहराच्या शिक्षण मंडळाने २०१६च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. तांब्याची चार नाणी रोमन, तिसऱ्या-चौथ्या शतकातली. क्ष-किरणात बघितल्यावर एकावर सम्राट कॉन्स्टंटाइनचा चेहरा दिसला. आकार आपल्या जुन्या दहा पैशांपेक्षा लहान. खणणाऱ्यांना आधी वाटलं होतं की अमेरिकन शिपायांच्या खिशातून सेंट पडले असतील. इथे अमेरिकेचे तळ आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच.

रानजाई

मग रोमन लोक अमावारीकडे आले होते की काय!

मोडीवाचक

नाही, आणि यावरून व्हॉट्सॲपवर फिरलेलं काहीही पुढे ढकलू नका. त्याच नाण्यांच्या जोडीला एक उस्मानी तुर्कांचं नाणंही निघालं, १६८०च्या दशकातलं. किल्ला तर १४५८ला पडला. मग तुर्की नाणं सव्वादोनशे वर्षांनी तिथे आलंच कसं? म्हणजे पडक्या किल्ल्यात नंतरही लोक येत-जात होते. मग रोमन नाणी नक्की केव्हा आणि कुणाच्या हाताने आली हे नुसत्या नाण्यावरून ठरत नाही. नाणं कितीही जुनं असलं तरी ते पडायची वेळ जुनी असेलच असं नाही. आमच्या आजीच्या बटव्यात व्हिक्टोरियाचा रुपया होता, आजी १९९८ला गेली.

दोनओळी

आजीचं उदाहरण एक नंबर.

काकडीची_कोशिंबीर

नाणं नाही तर निदान फोटो तरी टाका हो रानजाई.

रानजाई

टाकते गं. लेकीच्या फोनमध्ये आहेत आणि लेकीचा फोन लेकीच्या हातात आहे.

एक सांगायचं राहिलं. सगळ्यात वरच्या कोटात एक देवस्थान आहे. देऊळ वगैरे नाही, नुसता एक मोठा गोल दगड. आम्ही वर गेलो तेव्हा एक साठीच्या बाई गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर ताटलीत तांदूळ, छोटी दारूची बाटली आणि काळ्या चपट्या उदबत्त्यांची पट्टी, पण न पेटवलेली. ओठ नुसते हलत होते. आम्ही पाय न वाजवता उभ्या राहिलो. उठताना त्यांनी तांदूळ पिशवीत परत भरले आणि जाताना लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या बाई कुणासाठी बसल्या होत्या? अमावारीसाठी?

नाहाकर

अमावारीसाठी नसावं. त्याला इथे 'उताकी' म्हणतात, पवित्र जागा. किल्ल्यांच्या आतही उताकी असतात, आणि तिथली पूजा पूर्वीपासून बायकांची. गावच्या पुजारणीला 'नोरो' म्हणतात. राजे आले-गेले, भिंती पडल्या, पण बायका वर चढून प्रार्थना करायच्या थांबल्या नाहीत. उदबत्ती न पेटवता ठेवायची इथे रीत आहे, शिवाय पुरातत्त्वाच्या जागी विस्तवाला मनाईही असते. आणि बाटली बहुतेक आवामोरीची.

बोंबील_फ्राय

आता कुठे कामाचा विषय निघाला. आवामोरीबद्दल सविस्तर येऊ द्या.

नाहाकर

तांदळाची गाळलेली दारू, काळी बुरशी लावून आंबवतात. गंमत म्हणजे तांदूळ थायलंडचा, लांब दाण्याचा. सयामशी जुना व्यापार होता, तो असा बाटलीत उरलाय. मातीच्या बरणीत तीन वर्षांहून जास्त मुरली की तिला 'कूसू' म्हणतात. पाणी आणि बर्फ घालून घ्यायची. नुसती घेतलीत तर दुसऱ्या दिवशी किल्ला चढू नका.

रेवदंडा_बंदर

तोमे पिरेशही म्हणतो की लेकेओ लोकांना मलाक्काची दारू फार प्रिय, जहाजं भरून नेतात.

बोंबील_फ्राय

८४ भाषांत एक शब्द सगळ्यांना कळत असणार.

घाटवाट

विषयावर या रे. कात्सुरेनच्या भिंती किती मूळच्या आहेत? मला बऱ्याच नव्या वाटल्या.

नाहाकर

बरोबर वाटलं. बऱ्याच भागाची डागडुजी झालीय, आणि २०१०च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात बाहेरच्या तटाचा एक कोपरा ढासळला होता, तोही परत रचला. २००० साली युनेस्कोच्या यादीत र्‍युक्यूची नऊ ठिकाणं गेली, त्यात हे एक. पूर्वी इथे फुकट जाता यायचं, आता पार्क झाल्यापासून तिकीट आहे. गवतात शिरू नका, 'हाबू'पासून सावध अशा पाट्या आहेत. हाबू म्हणजे इथला विषारी साप.

मोरपंखी

मला नाटकाबद्दल कुणी सांगेल का? कुठेतरी वाचलं की मुलं अमावारीचं नाटक करतात.

मोडीवाचक

नाटकं दोन आहेत आणि हा सगळा वाद त्या दोन नाटकांत मावतो.

पहिलं १७१९चं. तामागुसुकु चोकुनने चिनी बादशहाच्या वकिलांच्या करमणुकीसाठी 'कुमिओदोरी' हा नाट्यप्रकार बसवला, त्यातलं 'निदो तेकिउची'. गोसामारूची दोन मुलं बापाचा सूड घेतात. अमावारी रंगमंचावर येतो तोच छाती काढून, पाय आपटत, स्वतःची फुशारकी मारत. मुलं नाचून त्याला रिझवतात, दारू पाजतात. तो खूश होऊन अंगावरच्या वस्तू, तलवारसुद्धा देऊन टाकतो, आणि मग मुलं त्याला मारतात. आता बघा, सरकारी इतिहासात त्याला राजाची फौज मारते. नाटकात मुलं. म्हणजे गोसामारूच्या वंशजांच्या काळात त्यांच्या पूर्वजाचा सूडही रंगमंचावर पुरा झाला!

दुसरं २०००चं, 'किमुताका नो अमावारी'. उरूमाची शाळकरी मुलं करतात. 'किमुताका' म्हणजे थोर मनाचा. कात्सुरेनचं हे विशेषण 'ओमोरो'तलं. पहिला प्रयोग त्या पडक्या किल्ल्यातच झाला. यातला अमावारी नायक.

नाहाकर

ते मी दोनदा पाहिलंय. ऑफिसातल्या एकाची मुलगी वाद्यवृंदात होती. शंभरावर मुलं, बारा-तेरा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची. दरवर्षी मोठी बाहेर पडतात, धाकटी वर येतात. शेवटी पोरं प्रेक्षकांना निरोप द्यायला दारात उभी राहतात आणि सगळ्यांचे डोळे सुजलेले असतात, नाटकामुळे नाही, शेवटचा प्रयोग म्हणून. त्या पोरांना विचारा अमावारी गद्दार होता का, तुम्हाला हॉलबाहेर काढतील.

जुनेपुराणे

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण रानजाईताईंनी विचारलेलं राहूनच गेलं.

माझं मत: दोघांपैकी कुणीही बंड करत नव्हता असं मानून बघा. मग काय दिसतं? फायदा कुणाला झाला? राजाला झाला, पण शो ताइक्यू १४६०लाच गेला, मुलगा शो तोकू १४६९पर्यंत. त्यानंतर गादी गेली ती दरबारातल्या कानामारू नावाच्या अधिकाऱ्याकडे. तोच शो एन, दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष. गोसामारू आणि अमावारी दोघे असते तर त्याला हे जमलं असतं? दोन वाघ एकमेकांच्या अंगावर घालणारा माणूस तोच, अशी शंका बऱ्याच जणांनी घेतलीय. पुरावा नाही. पण 'चूझान सेइकान' लिहिलं गेलं ते त्याच्याच घराण्याच्या राज्यात, हे विसरू नये.

मोरपंखी

आणि राजकन्येचं पुढे काय झालं?

नाहाकर

तिला शुरीला घेऊन पळालेला तिचा रक्षक उनी-उफुगुसुकु. 'उनी' म्हणजे राक्षस, इतका धिप्पाड. त्यानेच मग फौज घेऊन कात्सुरेन पाडलं. बक्षीस म्हणून त्याला गोएकुची जहागीर मिळाली आणि राजकन्याही त्यालाच दिली असं सांगतात. दहा-अकरा वर्षांनी कानामारूचा पक्ष वर आला तेव्हा त्याच्यावरही फौज गेली. तो चिबानाच्या टेकडीवर मेला. त्याची समाधी तिथे आहे.

मोरपंखी

म्हणजे दुसराही गेला. बाई गं.

रानजाई

हे वाचून मी 'गद्दार की बदनाम' असं विचारलं तेच चुकलं असं वाटायला लागलंय. अमावारीने कान भरले असतील, पण ऐकणाऱ्याला ऐकायचंच होतं. माझं मत आता असं की तो साधूही नव्हता आणि एकटा गुन्हेगारही नव्हता. फक्त त्याच्या बाजूने बोलायला मागे कुणी उरलं नाही.

नाहाकर, त्याचं थडगं वगैरे आहे का कुठे?

नाहाकर

योमितानमध्ये फुरुगेन गावात एक थडगं त्याचं म्हणून दाखवतात. लहानसं आहे, अमेरिकी तळाच्या बाजूला. गोसामारूचं नाकागुसुकुजवळच्या डोंगरउतारावर, कासवाच्या पाठीच्या आकाराचं, ऐसपैस.

घाटवाट

थडग्यांच्या आकारावरूनच निकाल लागला म्हणायचा.

काकडीची_कोशिंबीर

आम्ही जानेवारीत जातोय. दोन्ही किल्ले एका दिवसात होतील? आधी कुठला करावा? सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात.

नाहाकर

गाडी असेल तर आरामात. सकाळी नाकागुसुकु, तिथे प्रवेशाजवळून वरपर्यंत छोटी गाडी सोडते, सासूबाईंची सोय होईल. दुपारी चारच्या सुमाराला कात्सुरेन. तिथे चढ आहे, सासूबाईंना खाली संग्रहालयात बसवा, थंडगार असतं. तुम्ही वर जा आणि नैर्ऋत्येला बघा, उपसागरापलीकडे नाकागुसुकुचा डोंगर दिसतो. ऊन त्याच्या मागे उतरतं. पाऊस पडला असेल तर पायऱ्यांवर कडेच्या दोरीला धरून. जानेवारीअखेरीस गेलात तर नाकिजिनची चेरीही फुललेली मिळेल, पण ते लांब उत्तरेला, वेगळा दिवस ठेवा.

काकडीची_कोशिंबीर

खूप आभार! आणि रानजाई, फोटो??

रानजाई

लेक म्हणते तिने चाळणीच्या दगडाचे एकोणतीस काढलेत आणि किल्ल्याचा एक. तोही तिरका. टाकते रात्री.